सहा टाके येतात, आता पुढे काय? भरतकामाच्या निराळ्या शैलींकडे वळताना

धावदोरा, टीप, साखळी, काजे टाका, मच्छीकाटा आणि गाठीचा टाका एवढे हाताला बसले, रुमालाच्या कोपऱ्यांत फुले उमटली आणि घरातल्या उशांचे अभ्रे भरून झाले, की भरतकाम करणारी व्यक्ती बहुधा एका जागी येऊन थांबते. माझे तसेच झाले होते. फोंड्याच्या बाजारात मिळतील तेवढ्या रंगांच्या लड्या मी आणल्या, शंभर टाक्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवला आणि वर्षभरात त्यातील साठेक टाके एका लांबलचक पट्टीवर उतरवले. ती पट्टी अजून कपाटात आहे. तिचा उपयोग आजतागायत झालेला नाही, कारण टाके वाढले तरी हातून निघणारे काम पहिल्यासारखेच दिसत राहिले.

पुढे कर्नाटकातले कसुती भरतकाम शिकू लागले तेव्हा चूक कळली. कसुतीचा मुख्य टाका म्हणजे आपला धावदोराच. फक्त तो धागे मोजून जातो आणि त्याच वाटेने परत येतो. लखनौच्या चिकनकामातील बखिया म्हणजे कापडाच्या उलट्या बाजूने घातलेला मच्छीकाटा. जुन्या टेबलक्लॉथवर दिसणारे जाळीदार कटवर्क उभे असते ते काजे टाक्यावर, आणि बंगालची कांथा तर जवळजवळ संपूर्णपणे धावदोऱ्यावर. टाका ओळखीचाच राहतो. कापड, बाजू आणि शिस्त बदलली की शैली बदलते. म्हणून या लेखात नवे टाके जवळपास नाहीत. जे टाके येतात त्यांच्याच आधाराने नव्या शैलींत कसे शिरावे, कोणत्या क्रमाने शिरावे आणि कुठे ठेच लागते, एवढेच मी सांगणार आहे.

१. आधी हातातले टाके उलट्या बाजूने तपासा

एक वीत लांबीची रेघ पेन्सिलीने आखा आणि तीवर धावदोरा घाला. वरचा टाका आणि खालचा टाका सारख्याच लांबीचे पडतात का, ते कापड उलटून पाहा. बहुतेकांचा वरचा टाका लांब आणि खालचा आखूड असतो. साध्या फुलाच्या कामात त्याने काही बिघडत नाही. कसुतीत मात्र सगळेच बिघडते. काजे टाक्याची कड एका सरळ ओळीत बसते का आणि मच्छीकाट्याचे दोन्ही काठ समांतर राहतात का, हेही पाहून घ्या.

याच वेळी एक सवय मोडायची आहे, ती म्हणजे दोऱ्याच्या टोकाला गाठ मारण्याची. गाठ पातळ कापडातून दिसते, इस्त्री फिरवली की वर उठते आणि धुताना निसटून बाहेर येते. त्याऐवजी सुरुवातीला चार बोटे दोरा मोकळा सोडावा आणि काम पुढे गेल्यावर तो सुईने मागच्या टाक्यांखालून ओवून टाकावा. ही सवय लागायला मला दोन आठवडे लागले. त्यानंतर गाठ मारलेले काम डोळ्यांना खुपू लागले.

२. कापड मोजता येणारे आहे की नाही, ते ठरवा

भरतकामाच्या शैलींची सर्वांत उपयोगी विभागणी प्रांतानुसार किंवा रंगानुसार होत नाही; ती कापडानुसार होते. काही शैलींत कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालतात, त्यामुळे कापडावर काहीही छापावे लागत नाही. कसुती, फुलीचा टाका, कच्छचे सूफ काम आणि फुलकारी या वर्गातील आहेत. दुसऱ्या वर्गात नक्षी आधी कापडावर उतरवतात आणि रेषेच्या आधाराने टाका घालतात. चिकनकाम, कटवर्क, कांथा आणि आकडीने केले जाणारे आरीकाम हे या वर्गातले. पहिल्या वर्गात डोळे आणि हिशेब थकतात, दुसऱ्यात हात थकतो. तुम्हाला आकडेमोडीचा कंटाळा असेल, तर कसुतीची ओढ कितीही वाटली तरी सुरुवात बखियापासून करा.

कापड मोजण्याजोगे आहे का, हे दुकानातच तपासता येते. जाड कागदात एक इंच लांबी-रुंदीची खिडकी कापून ती पाकिटात ठेवावी. कापडावर ती टेकवून उभे आणि आडवे धागे मोजावेत. दोन्ही आकडे सारखे आले तरच चौकोन चौकोनी येईल. नाहीतर कसुतीतले तुळशी वृंदावन एकतर ताडासारखे उंच होते किंवा पाटासारखे पसरते. नवशिक्यांनी मॅटी कापड घ्यावे हे बरे. त्याच्या विणीत घरे आयतीच दिसतात आणि इंचाला चौदा घरे असलेले मॅटी हाताळायला सोपे जाते.

चौकड्यांचे सुती कापडही मोजकामाला चालते, कारण रेघा विणीतच असतात. गोव्याच्या कुणबी साडीच्या लाल चौकड्यांवर भरतकाम करण्याचा मोह मला झाला होता. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्या प्रयत्नांमुळे ही साडी पुन्हा चर्चेत आली आणि हातमागावरची चांगली साडी हाती आली की तीवर आपलेही काही असावे असे वाटतेच. पण तिची शोभा विणीत आहे आणि जाडसर पोतावर बारीक टाका बुडून जातो. मी साडीला हात न लावता शिंप्याकडे उरलेल्या चौकडीच्या तुकड्यावर हौस भागवली.

३. सामान थोडेच आणा, पण नेमके आणा

सहा पदरी सुती दोरा, म्हणजे दुकानात ज्याला अँकरचा दोरा किंवा नुसतेच रेशीम म्हणतात, तो बहुतेक शैलींना पुरतो. एका लडीत आठ मीटर दोरा असतो. सहाही पदर एकदम वापरायचे नसतात. एकेक पदर वेगळा ओढून काढावा आणि मग हवे तेवढे पदर पुन्हा एकत्र करावेत. जोडीने ओढले तर पीळ राहतो आणि टाका फुगत नाही. दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरे. वारंवार ओवण्याचा कंटाळा करून लांब दोरा घेतला तर तो कापडातून जाऊन-येऊन झिजतो आणि शेवटचे टाके पिंजलेले दिसतात.

सुया दोन प्रकारच्या लागतात. मोजकामाला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई लागते. ती धागा चिरत नाही, दोन धाग्यांमधल्या जागेतून सरकते. चौदा घरांच्या मॅटीला चोवीस क्रमांकाची बोथट सुई योग्य. रेषेवरच्या कामाला टोकदार भरतकामाची सुई घ्यावी. पातळ मलमलीला नऊ किंवा दहा क्रमांकाची. सुयांचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. दुकानात घाईत हे उलटे लक्षात राहते आणि गोणपाट शिवायची सुई घेऊन आपण घरी येतो.

याशिवाय लागणाऱ्या वस्तू अशा:
- लाकडी रिंग, पाच किंवा सहा इंचांची. आतल्या कड्याभोवती पांढरी सुती पट्टी गुंडाळलेली
- टोकदार, लहान पात्यांची कात्री. ती कागदाला कधीही लावायची नाही
- आलेखाचा कागद, बटर पेपर, पिवळा कार्बन कागद
- मधल्या बोटासाठी अंगुस्तान
- पांढऱ्या कापडाचा तुकडा, रंग सुटतो का ते तपासण्यासाठी

मडगाव आणि म्हापसा येथील बाजारांत शिवणसामानाच्या दुकानांमध्ये यातील बरेचसे मिळते. बोथट सुया मात्र मागून घ्याव्या लागतात, आणि पुष्कळदा दुकानदार आधी लोकरीची सुई पुढे करतो. ती फार जाड असते.

४. पहिली शैली कसुती, कारण ती शिस्त लावते

कसुती ही उत्तर कर्नाटकाची, मुख्यतः धारवाड-हुबळी भागाची कला. अनमोड घाट चढून गेले की ज्या मुलखात आपण उतरतो, तिथली ती. इरकली साडीच्या अंगावर आणि पदराच्या आसपास ती पाहिलेली असेल. गोपुर, रथ, पालखी, हत्ती आणि तुळशी वृंदावन ही तिची ठरलेली चित्रे. आपल्याकडे पुष्कळ अंगणांत वृंदावन असते, त्यामुळे पहिला नमुना कशाचा करावा हा प्रश्न मला पडला नाही.

कसुतीत चार टाके आहेत. गवंती म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा. तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मुरगी म्हणजे हाच टाका पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढवणे. नेगी म्हणजे कमी-जास्त लांबीच्या धावदोऱ्याच्या ओळी. त्या विणल्यासारख्या दिसतात. मेंथे म्हणजे फुलीचा टाका. हे नाव मेथीवरून आलेले आहे. पहिले दोन महिने फक्त गवंती करा.

सराव असा करावा. मॅटीवर चार घरे लांब आणि चार घरे रुंद चौकोन मनाशी ठरवा. दोन पदर घ्या. एका कोपऱ्यातून सुई वर काढून एक घर वर, एक घर खाली असा धावदोरा घालत चौकोनाची पूर्ण फेरी करा. सोळा घरांची फेरी संपली की तुम्ही सुरुवातीच्या कोपऱ्यावर येता आणि निम्मी घरे रिकामी असतात. आता इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका चुकतो. तो त्याच दिशेने दुसरी फेरी सुरू करतो आणि पाहतो तो टाका पहिल्याच टाक्यावर पडतो आहे. कारण साधे आहे. फेरीतील घरांची संख्या सम आहे, त्यामुळे दुसऱ्या फेरीत वरचा टाका पुन्हा वरच आणि खालचा खालीच येतो. म्हणून कोपऱ्यावर पोहोचल्यावर वळायचे आणि आल्या वाटेने उलट परतायचे. परतताना प्रत्येक रिकामे घर आपोआप भरत जाते.

हे एकदा समजले की पुढचे सगळे त्यातूनच निघते. वाटेत फांदी आली, समजा वृंदावनातून तुळशीची डहाळी निघाली, तर त्या फांदीच्या टोकापर्यंत जावे, टोकावरून परत फिरून ती फांदी पूर्ण करावी आणि मगच मूळ वाटेला लागावे. किती घरांची फांदी आहे याचा विचार करावा लागत नाही. गेलेल्या वाटेने परतले की हिशेब जुळतोच. सुई कापडावर टेकवण्यापूर्वी आलेखाच्या कागदावर पेन्सिल न उचलता हा प्रवास एकदा करून पाहावा. मी अजूनही करते.

परतीच्या टाक्यांची रेघ दातेरी दिसत असेल, तर एक युक्ती आहे. परतताना सुई प्रत्येक वेळी आधीच्या टाक्याच्या एकाच अंगाने वर काढावी आणि दुसऱ्या अंगाने खाली घालावी. सगळे टाके एकाच बाजूला किंचित कलतात आणि नजरेला रेघ सरळ भासते.

एक घर चुकले तर काय करावे? उसवावे. माझ्या पहिल्या वृंदावनाच्या पायथ्याशी एक घर जास्त पडले होते, ते पुढे कुठेतरी जिरवू अशा समजुतीने मी वर चढत गेले आणि कळसाशी पोहोचल्यावर डावी-उजवी बाजू एकमेकींना भेटेनात. तीन संध्याकाळींचे काम उसवावे लागले. मोजकामात चूक जिरत नाही.

इरकल किंवा साध्या सुती साडीवर घरे दिसत नाहीत. तिथे जाळीचे कापड वर टाचून त्याच्या घरांतून टाके घालावेत आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावेत. जाळीच्या धाग्यात सुई अडकू देऊ नये, नाहीतर धागा ओढताना टाकाही ओढला जातो.

वर्गाविषयीही इथेच सांगते. एका वर्गात कसुती शिकण्यासाठी मी पैसे भरले आणि तिथे छापील नक्षीवर टीप घालायला लावले. समोरून दोन्ही कामे सारखीच दिसतात, त्यामुळे महिनाभर मला शंकाही आली नाही. नाव नोंदवण्यापूर्वी शिकवणाऱ्यांच्या हातचा नमुना मागावा आणि तो उलटून पाहावा. गवंतीची उलटी बाजू समोरच्यासारखीच असते. टीप घातलेली असेल तर मागे दोरे एकमेकांवर चढलेले दिसतात.

५. धावदोऱ्याचा विसावा: कांथा आणि कवंदी

कसुतीने डोळे थकले की कांथा करावी. जुन्या मऊ साड्यांचे दोन-तीन थर एकत्र टाचायचे, नक्षीच्या रेषेवर धावदोरा घालायचा आणि मग त्या रेषेला समांतर ओळी घालत मधली जागा भरत जायची. दोरा किंचित ओढून धरला की कापडावर बारीक लाटा उठतात. कांथाची खरी ओळख त्याच. म्हणून इथे कापड रिंगमध्ये ताणू नये.

आपल्या गोधडीशी कांथाचे नाते उघड आहे. त्याहून जवळचे, आणि आपल्याकडे फारसे न पाहिलेले, काम म्हणजे गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत ती शिवली जाते. कवंदी कडेपासून सुरू होते आणि गोल फिरत मध्याकडे येते. ठिगळेही शिवतानाच दुमडून बसवत जातात. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहान घडी शिवतात, तिला फूल म्हणतात. एक फूट लांबी-रुंदीची कवंदी करून पाहा. दोऱ्याचा ताण सारखा ठेवायला तिच्याइतके चांगले काही शिकवत नाही.

६. बखिया: उलट्या बाजूचा मच्छीकाटा

कापडापलीकडून फुलाचा फिकट रंग झिरपल्यासारखा दिसतो ते काम म्हणजे बखिया किंवा छायाकाम. यासाठी पातळ पारदर्शक कापड हवे. मलमल किंवा ऑर्गंडी. नक्षी कापडाच्या उलट्या बाजूला उतरवावी आणि पाकळीच्या दोन्ही काठांवर मच्छीकाटा घालावा. मागे दोऱ्यांची जाळी तयार होते आणि समोर पाकळीच्या काठाने टिपेसारखी रेघ उमटते, आत रंगाची छाया पडते.

- आकार अरुंद ठेवा. एका सेंटिमीटरपेक्षा रुंद पाकळीत मागचे दोरे सैल लोंबतात आणि पैंजणात किंवा बांगडीत अडकतात. रुंद पान असेल तर मधली शीर आखून त्याचे दोन भाग करावेत.
- काठावरचे टाके एकमेकांना भिडलेच पाहिजेत. लगतचे दोन टाके एकाच छिद्रात मिळाले नाहीत तर समोर रेघ तुटक दिसते.
- एका फुलावरून दुसऱ्यावर दोरा ओढत नेऊ नका. इथे लपवायला जागा नसते. पांढऱ्या मलमलीतून तांबडा दोरा ओढलेला असला तर तो पलीकडच्या भिंतीपासून दिसतो.

चिकनकामात याखेरीज मुर्री, फंदा, जाली असे बरेच काही आहे. फंदा ही बाजरीच्या दाण्याएवढी गाठ असते, मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट. जालीत कापडाचे धागे न कापता सुईने बाजूला सारून छिद्रे पाडतात. बखिया स्थिर झाल्यावरच तिकडे वळावे.

७. कटवर्क: कात्री सर्वांत शेवटी

गोव्यातील जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये ट्रंकेच्या तळाशी पांढऱ्यावर पांढरे काम केलेला एखादा टेबलक्लॉथ किंवा बाप्तिस्म्याचा झगा जपून ठेवलेला असतो. पोर्तुगालच्या मदैरा बेटाचे पांढरे भरतकाम प्रसिद्ध आहे आणि अशा कामाची आवड आपल्या किनाऱ्यावर चांगलीच रुजली. शेजारच्या घरातील एका वृद्ध बाईंनी मला असा एक टेबलक्लॉथ उलगडून दाखवला, तेव्हा पोकळीभोवतीची कड पन्नास वर्षांनंतरही उसवलेली नव्हती. का उसवली नाही, हे समजून घेणे म्हणजेच कटवर्क शिकणे.

पोकळीवरून जाणारे दोऱ्यांचे पूल असलेल्या प्रकाराला रिशल्यू म्हणतात. फ्रान्सच्या कार्डिनल रिशल्यूवरून हे नाव पडले. कृती अशी:

पहिल्यांदा घट्ट विणीचे सुती किंवा लिनन कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेले कापड पुढे आटते आणि सगळी जाळी आक्रसते. नक्षीच्या प्रत्येक कडेला तीन मिलिमीटर अंतराने दुहेरी रेघ हवी. दोन्ही रेघांवर बारीक धावदोरा घाला. हा दोरा पुढे काजे टाक्याच्या पोटात जातो आणि कड भरीव करतो. धावदोरा घालत असताना जिथे पूल असेल तिथे दोरा समोरच्या कडेपर्यंत न्या, परत आणा, पुन्हा न्या. या तीन दोऱ्यांवर काजे टाका घालत परत या. सुई फक्त दोऱ्यांखालून जाईल, कापडात शिरणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या; एकही टाका कापडात अडकला तर पुढे कापताना पूल तुटतो. मग दुहेरी रेघेवर दाट काजे टाका घाला. त्याची गाठींची कड जिथे कापड कापायचे आहे त्या बाजूलाच आली पाहिजे. त्या टेबलक्लॉथची कड टिकली ती याच गाठींमुळे.

आता कात्री हातात घेण्याची घाई होते. थांबा. आधी कापड धुऊन नक्षीच्या खुणा काढून टाका आणि इस्त्री करा, कारण कापल्यानंतर ते चोळता येत नाही. नंतर कापड उलटे करून, मागच्या बाजूने, टाक्याच्या अगदी लगत पण टाक्याला न लागता कापा. पुलांखालून कापताना कात्रीचे टोक वर उचललेले असू द्या. माझा एक पूल तुटला होता. दोन नवे दोरे टाकून तो पुन्हा भरता येतो, जवळून पाहणाऱ्यालाच कळते.

८. आरसेकाम

हणजूणच्या बाजारात आणि किनाऱ्यांवर लमाणी स्त्रियांच्या पिशव्या, पट्टे, गोधड्या आपण पाहतो. आरसे, कवड्या आणि नाणी लावलेले हे बंजारा भरतकाम. कच्छच्या आरसेकामाशी त्याचे साम्य असले तरी दोन्ही एक नव्हेत.

आरसा दोऱ्याच्या चौकटीत धरला जातो. चिकटवणाऱ्या डिंकाचा थेंब आरसा हलू नये एवढ्यापुरताच असतो. आरशावरून दोन उभे आणि दोन आडवे दोरे ताणून घ्यावेत, ते एकमेकांत गुंतवावेत, मग अशीच दोऱ्यांची दुसरी चौकट तिरकी घालावी. यानंतर चौकटीच्या दोऱ्यांना आणि कापडाला आलटून पालटून धरत गोलाकार काजे टाका घालत जायचे. या फेरीत चौकटीचे दोरे बाहेरच्या बाजूला ओढले जातात. म्हणून सुरुवातीची चौकट तुम्हाला वाटते त्यापेक्षा आरशाच्या मध्याकडे घ्यावी. मी ती कडेला घेतली होती. काम पूर्ण झाले आणि आरसा टपकन खाली पडला. काचेच्या कडा पॉलिश कागदावर घासून घ्याव्यात, नाहीतर त्या हळूहळू दोरा कापतात.

९. जरी आणि आरी आणखी वर्षभराने

जुने गोवे येथे सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात पाद्रींची भरतकाम केलेली धर्मवस्त्रे पाहिली की जरीचे काम लगेच सुरू करावेसे वाटते. जरूर पाहावीत, टाका कुठून आला आणि कुठे वळला हे उभे राहून निरखावे. पण जरीचा धागा कापडातून वारंवार ओढायचा नसतो, तो वर ठेवून दुसऱ्या बारीक दोऱ्याने टाचायचा असतो, आणि त्यासाठी घट्ट ताणलेली चौकट लागते. आरीकामात सुईऐवजी आकडी वापरतात आणि दोरा खालून एका हाताने पुरवतात. दोन्ही हातांची वेगळी कामे शिकायला कोणीतरी समोर बसून दाखवणारे हवे.

साखळी टाका तुमच्याकडे आहेच, तेव्हा तोवर सुईनेच साखळीचे भरणकाम करावे. १६व्या-१७व्या शतकांत बंगालमध्ये पोर्तुगिजांसाठी टसर रेशमाने भरलेल्या मोठ्या चादरी तयार होत, त्यांना कोल्चा म्हणत. जहाजे, शिकारी, मासे, राजे यांनी गच्च भरलेल्या त्या चादरींत साखळी टाक्याने केवढे काम करता येते, ते दिसते.

१०. नक्षी कुठून घ्यावी आणि कशी उतरवावी

इंटरनेटवरून घेतलेली नक्षी दहा जणींकडे असते. आपल्या अवतीभवती पाहिले तर दुसरीकडे जावे लागत नाही. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे पाहा. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, लावून ती खरवडून काढलेली ही दोनच रंगांची कला आहे. तिच्या भौमितिक पट्ट्या पांढऱ्या मॅटीवर तांबड्या एकाच दोऱ्याने गवंतीत उतरतात तेव्हा त्या मुळातच भरतकामासाठी काढल्या असाव्यात असे वाटते. शिंपल्यांच्या खिडक्यांची लहान चौकोनी तावदाने मोजकामाला योग्य. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगलेले सुपारीचे घड गाठीच्या टाक्याने आणि केशरी कवंडळ भरीव टाक्याने सुरेख येते. पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील १९३५ सालची निळी-पांढरी अझुलेजो, म्हणजे फरश्यांवरची, चित्रे मात्र नवशिक्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यापेक्षा फोंतायनासमधील घरांवरच्या नावांच्या लहान फरश्यांची वेलबुट्टी घ्यावी.

नक्षी उतरवण्याची जुनी रीत अजूनही भरवशाची आहे. बटर पेपरवर नक्षी काढून रेघेवर सुईने जवळजवळ भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवायची. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे मी पिवळा कार्बन वापरते. पाण्याने पुसली जाणारी निळ्या शाईची पेनेही सोयीची आहेत. पण धुण्याआधी इस्त्री फिरवली तर शाई कायमची बसते. इस्त्रीने नाहीशी होणाऱ्या पेनाची तऱ्हा उलटी. तसा एक पुसलेला रुमाल मी प्रयोग म्हणून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, तर सगळ्या रेघा पुन्हा उमटल्या.

११. पावसाळा, गंज आणि धुणे

आपल्या हवेत भरतकामाचा खरा शत्रू ओल आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कापडात खोचून ठेवलेली सुई चार दिवसांत तांबूस डाग सोडते. काम थांबवताना सुई कापडातून काढावी आणि रिंगही काढून ठेवावी. तिच्या स्क्रूचा गंज लागतो आणि कड्याचा वळ बसतो तो वेगळाच. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग पडलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे. रंगीत दोऱ्याजवळ हा उपाय करू नये.

बोटांना घाम येत असेल तर टाल्कम पावडर लावून काम करावे. सुया टाल्कम पावडरीच्याच लहान डबीत कोरड्या राहतात. जरीचे काम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, मलमलीत गुंडाळावे, आणि अत्तर किंवा डांबराच्या गोळ्या त्याच्या अंगाशी येऊ देऊ नयेत. जरीचा धागा काळा पडतो. भरलेले कापड घडी घालण्याऐवजी कागदी नळीवर गुंडाळून ठेवावे.

तांबडा, काळा आणि गडद निळा दोरा वापरण्यापूर्वी त्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. तरीही धुताना रंग सुटला तर कापड वाळू देऊ नका. थंड पाण्याखाली ते तसेच धरून ठेवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत काढू नका. वाळलेला रंग मग निघत नाही. इस्त्री करताना जाड टॉवेल दुहेरी पसरावा, भरतकामाची समोरची बाजू त्यावर पालथी घालावी आणि कापड किंचित ओले असतानाच मागून इस्त्री दाबावी. गाठीचे आणि भरीव टाके टॉवेलच्या लवेत रुततात आणि चपटे होत नाहीत. आरसे असतील त्या जागी इस्त्रीचे फक्त टोक फिरवावे.